वहनव्यय

“क्लच मऊ लागतोय जरा,” मी म्हणालो.

“मग चांगलंच की. तुमच्या गुडघ्याला बरं,” ही म्हणाली.

मी गप्प बसलो, कारण पंधरा दिवस मीही मनात हेच म्हणत होतो. गाडी आमच्याकडे दुसऱ्या मालकाकडून आलेली. गुडघा मात्र पहिल्यापासून माझ्याचकडे. वय दोघांचंही झालेलं. बारामतीच्या भिगवण चौकात संध्याकाळच्या गर्दीत क्लच दाबला की गुडघ्यातून कळ यायची, ती हल्ली येईनाशी झाली होती. पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली जायचं. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या सहवासानं गाडीला माझी दया आली असावी.

मऊपणाचं आपल्याकडे उगाच कौतुक आहे. भाकरी मऊ हवी, गोधडी मऊ हवी, सून मऊ बोलणारी हवी. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, एवढीच काय ती सूचना पूर्वजांनी देऊन ठेवली. पायाखाली काही मऊ लागलं तर काय करावं, ते सांगायचं राहून गेलं.

आधीच्या गाडीचा क्लच वायरीचा होता. वायरीचा क्लच म्हातारपणी कडक होत जातो, कुरकुरतो, करकरतो आणि एक दिवस भर बाजारात तुटतो. पण तोपर्यंत त्यानं इतकी कटकट केलेली असते की तुटल्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. हायड्रॉलिक क्लचचा स्वभाव उलटा. तो काही बोलत नाही. दिवसेंदिवस नमतं घेतो. घरात असं कुणी एकाएकी नमतं घ्यायला लागलं तर आपण विचारतो तरी, “बरं वाटत नाही का?” गाडीला मी तेवढंही विचारलं नाही.

विचारायला हवं होतं, कारण माझी उभी नोकरी कालव्यावर गेली. नीरा डावा कालवा. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी खणायला घेतलेला. त्याचं हेड वर वीरला आणि टेल खाली इंदापूरच्या अंगाला. ‘हेडला पाणी सोडलं, टेलला पोचलं नाही’ हे वाक्य मी अर्जांत वाचलं, मोर्च्यांत ऐकलं, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता लोकांनी मला ऐकवलं. आणि माझ्याच गाडीत, माझ्याच पायाखालच्या हेडला सोडलेला जोर टेलला पोचत नव्हता, तेव्हा मी गुडघा चोळत देवाचे आभार मानत होतो.

पालखीमार्गाचं रुंदीकरण चाललं होतं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. इंदापूरला भाच्याचा साखरपुडा होता. मामा म्हणून मला पुढच्या रांगेत मान होता आणि मामी म्हणून हिला साडी नेसायला दीड तास लागला होता. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. तासाभरात पोचू, असं मी म्हणालो. गळीत हंगामात असं म्हणू नये. काटेवाडीला आषाढात तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. जानेवारीत तिथून पुढे उसाच्या ट्रॉल्यांचं सुरू होतं. आमच्या पुढे एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांतून वाढे रस्त्यावर लोळताहेत आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भोंग्यातून गाणं असं लागलेलं की आमच्या काचा थरथरत होत्या. ओलांडायला जागा नाही. चार हात पुढे जायचं, थांबायचं; हाफ क्लच, ब्रेक, पुन्हा हाफ क्लच.

भवानीनगरच्या अलीकडे पहिला पडेना. क्लच पार तळाला टेकवला तरी दांडा खुंट्यासारखा अडलेला. रिव्हर्स टाकून पाहिला तर गिअरबॉक्समधून जात्यात खडा पडल्यासारखा आवाज आला. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेशची सोय नसते. त्यामुळे क्लच पुरता सुटत नाही ही बातमी पहिल्यांदा रिव्हर्सच फोडतो. मी जोर करून पहिला घातला. गाडी क्लच दाबलेला असतानाच, माझ्या परवानगीशिवाय, समोरच्या उसाकडे चालू लागली. ब्रेक मारला. इंजिन बंद.

आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीला माणसांची वाण नसते. दोन मिनिटांत पाच जण जमले. एक म्हणाला, क्लचप्लेट जळाली, दहा हजार धरून चाला. दुसऱ्यानं बॉनेटवर हात ठेवून ताप पाहिला. ट्रॅक्टरचा पोरगा गाणं चालूच ठेवून खाली उतरला, बॉनेटखालच्या क्लचच्या डबीतलं तेल पाहिलं आणि म्हणाला, “काका, कमी हाय. आमच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल हाय, वतू का?” इतक्या मायेनं म्हणाला की मी हो म्हणणारच होतो. हिनं मागून माझा शर्ट ओढला. हिला गाडीतलं काही कळत नाही, पण कुणी फुकट काही देऊ लागलं की ही शर्ट ओढते. त्या दिवशी त्या ओढीनं ब्रेक वाचले. ते का, ते पुढे मिस्त्रीनं सांगितलं.

एक ऊसतोड मजूर बाई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन चालली होती. ती न थांबता म्हणाली, “दोन-तीनदा हापसा की.” आणि खरोखरच पेडल हापशासारखं तीन वेळा मारलं तर क्लच भरला. पहिला पडला. प्रत्येक सरकतीला असं हापसत आम्ही गर्दीतून निघालो, बेलवाडी मागं टाकली. लासुर्ण्याच्या अलीकडे मात्र दहा वेळा हापसूनही काही लागेना. मग तरुणपणी जीपवर शिकलेली युक्ती काढली. इंजिन बंद करायचं, पहिला घालायचा आणि तसाच स्टार्टर मारायचा. गाडीनं बेडकासारखी उडी घेतली. ही “अगं बाई!” म्हणाली. त्या उडीवर आणि मग एकाच गिअरवर आम्ही रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलो.

शेडबाहेर बाभळ, बाभळीखाली पोट उघडं टाकलेला ट्रॅक्टर. मिस्त्री पन्नाशीचा, कपाळावर बुक्का. त्यानं पाना उचलला नाही की बॉनेट उघडलं नाही. दार उघडून खाली वाकला आणि पेडल हातानं दाबलं.

“पायानं नाही दाबत?” मी विचारलं.

“पायाला काय कळतंय? बुटातला हाय त्यो.”

हळूहळू दाबलं, तळाशी धरून ठेवलं. मग भराभरा चार वेळा मारलं, पुन्हा धरलं. डोळे मिटलेले, वैद्यानं नाडी पाहावी तसं. मग म्हणाला, “धरून ठिवल्यावर खाली सरकत न्हाय. वरचा सिलेंडर चांगला असंल. मारल्यावर जरा टाइट हुतोय. म्हंजे हवा हाय. आन हवा आत गेली त्या भोकातनं तेल भाईर जातंय.”

पाच वाक्यांत त्यानं जे सांगितलं ते नीट समजायला मला घरी येऊन दोन दिवस लागले, म्हणून जरा उलगडून सांगतो. पेडलच्या मागे एक सिलेंडर असतो, त्याला मास्टर म्हणतात. तिथून एक बारीक नळी खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि तिथं दुसरा सिलेंडर असतो, त्याचं नाव स्लेव्ह. मास्टर आत, सावलीत, गालिच्याजवळ. स्लेव्ह बाहेर, चिखलात, सायलेन्सरच्या उष्णतेत. आमच्या खात्यातले साहेब आणि पाटकरी डोळ्यांसमोर येतात. मधे काठोकाठ तेल. पेडल चार-पाच इंच खाली जातं, तेव्हा खालचा दांडा जेमतेम अर्धा-पाऊण इंच सरकतो आणि तेवढ्यावर क्लच सुटतो. बोराएवढा हवेचा बुडबुडा त्या नळीत शिरला तरी ते अंतर तोच खाऊन टाकतो. तेल दबत नाही, हवा दबते. आपण दाबतो, हवा अंग चोरते, दांडा जागचा हलत नाही. चटकन हापसलं की डबीतून आणखी थोडं तेल आत येतं, हवेला चेपतं आणि काम तात्पुरतं भागतं. वरच्या सिलेंडरचं रबर झिजलं असतं तर गोष्ट वेगळी. मग बाहेर एक थेंबही न सांडता तेल आतल्या आत मागं फिरतं आणि दाबून धरलेलं पेडल सावकाश तळाला जातं.

“तेल कधी घातलं?” मिस्त्रीनं विचारलं.

इथं मला कबुली द्यावी लागली. दोन महिन्यांत दोनदा डबी कमी दिसली होती आणि दोन्ही वेळा मी भरली होती.

“मग आधीचं गेलं कुठं?”

“आटलं असेल.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या पेन्शनची लाज वाटली. “बंद नळीतलं त्याल आटतंय व्हय, काका?”

आता मी याला कसं सांगू? ज्या माणसानं चौतीस वर्षं रजिस्टरात एक रकाना भरला, त्याच्या हाताला वळण लागतं. हेडला सोडलेलं पाणी आणि खाली मोजलेलं पाणी यांत जी तूट येते तिला आमच्याकडे वहनव्यय म्हणतात. थोडं झिरपतं, थोडं उन्हानं उडतं, थोडं रात्री कुणाच्या तरी पाइपानं जातं. तिन्ही एका शब्दात बसतात, म्हणून तो शब्द इतका टिकला. डबीतलं तेल खाली गेलेलं पाहून माझ्या मनानं आपोआप वहनव्यय लिहून टाकलं होतं आणि वरून आवर्तन सोडलं होतं.

हे मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो गाडीखाली सरकत होता. अर्धा आत गेलेला थांबला.

“कालव्यावर हुता? म्हंजे टेलला पाणी न देणारं तुमीच की!”

त्याची दोन एकर टेललाच होती. पुढची पाच मिनिटं तो गाडीखालून बोलत होता आणि मी बाहेर उभा राहून, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली असताना, मागच्या उन्हाळी आवर्तनाचा खुलासा देत होतो. ही बाभळीखालच्या खाटेवर बसून चहा पीत होती. तिला हे संभाषण पाठ आहे.

मग त्यानं मलाच खाली वाकून बघायला लावलं. आधी आतल्या बाजूला, पेडलच्या मागं, दांडा जिथं शिरतो तिथं बोट फिरवायला सांगितलं. कोरडं. “हितं वलं असतं तर वरचा गेला म्हनायचा.” मग खाली गिअरबॉक्सच्या अंगाला असलेल्या स्लेव्हचं रबरी बूट त्यानं नखानं उचकटलं. आतून घामासारखं तेल ओघळून त्याच्या मनगटावर आलं. आमचा टेल फुटलेला होता.

सिलेंडर उतरवून त्यानं पिस्टन बाहेर ठोठावला. आत भिंतीला बारीक खड्डे पडले होते. “नुसतं किट घालून भागंल, पर चार म्हैन्यानं परत याल. खड्डं रबराला खात्यात.” खड्डे कशानं पडले? पाण्यानं. हे मला नवीन होतं. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात तेलच नव्हे. ग्लायकोलच्या जातीचा द्रव आहे आणि त्याला हवेतली ओल पिण्याचं व्यसन आहे. कोरडं असताना डॉट-३ जातीचं २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तीन-चार टक्के पाणी प्यालं की १४० अंशांवर येतं. डॉट-४ थोडं वरचं, २३० आणि १५५. उकळलं की वाफ, आणि वाफ हवेसारखीच दबते. शिवाय प्यालेलं पाणी आतून गंज धरवतं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं असतं. मी फक्त भर घालत होतो. आणि ट्रॅक्टरवाल्या पोराच्या मायेचं म्हणाल तर त्याचं तेल खनिज. ते यातल्या रबराला चालत नाही, रबरं फुगतात. आमच्या गाडीत क्लच आणि ब्रेक एकाच डबीवर. क्लचचं तोंड डबीत वर आणि ब्रेकचं खाली, म्हणजे क्लचनं सगळं सांडलं तरी ब्रेकच्या वाट्याचं शिल्लक राहतं. पाणीवाटपाचं इतकं न्यायी तोंड मी कुठल्या वितरिकेवर पाहिलं नाही.

नवा सिलेंडर आणायला शेडमधला पोरगा मोटारसायकलवरून गेला. कुठं, तर वालचंदनगरला. पुढे जंक्शन नावाचं गाव आहे, तिथून आत वळायचं. मला गंमत वाटली. वालचंद हिराचंदांनी या माळरानावर ऊस लावून साखर कारखाना काढला आणि त्याच माणसानं १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. म्हणजे आज माझ्या आडवा आलेला ऊस आणि उसात अडकलेली मोटार, यांची सोयरीक जुनी आहे. हे मी हिला सांगायला गेलो. ही घड्याळ पाहत होती.

पोरगा आला तो भाग मिस्त्रीच्या हाती देऊन लगेच दुसऱ्या कामाला पळाला. सिलेंडर बसला, आता हवा काढायची होती. याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली स्लेव्हचा निप्पल सोडायचा-आवळायचा. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. मी पुढे झालो, पण मिस्त्री म्हणाला, “तुमी बाटली धरा आन डबीत त्याल घालत ऱ्हावा, ती कोरडी पडाय नको. वैनी बसत्याल.”

वैनी म्हणजे आमची ही. साखरपुड्याची पैठणी, नाकात नथ. चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. हिनं आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

“दाबा,” खालून आवाज आला.

हिनं दाबलं.

“धरा.” निप्पल सुटला. नळीतून आधी काकवीच्या रंगाचं तेल आलं, त्यात बुडबुड्यांची माळ. निप्पल आवळला. “सोडा.”

असं सात-आठ वेळा. मग एकदा हिनं ‘सोडा’च्या आधीच पाय उचलला. खालून नळीतलं तेल सुर्रकन उलटं वर गेलं.

“वैनी! म्या सोडा म्हनल्याबिगार सोडायचं न्हाय. हवा परत आत घेतली बगा.”

“मला काय दिसतंय खाली तुम्ही काय करताय ते?” ही म्हणाली. “आवळलं म्हणून सांगत जा ना आधी.”

मिस्त्री क्षणभर गप्प राहिला. मग पुढच्या वेळेपासून तो ‘आवळलं’ म्हणू लागला. दाबा, धरा, आवळलं, सोडा. मला एकदम आमच्या फोनवरच्या जुन्या संभाषणांची आठवण झाली. हेडवरचा माणूस दार उचलायचा, टेलचा माणूस पातळी सांगायचा, आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं पाणी दिसत नसायचं. सगळा कालवा त्या फोनवर चालायचा. मधल्या माणसानं नुसतं ‘बरं बरं’ म्हटलं की घोटाळा.

हळूहळू तेल स्वच्छ झालं, माळ तुटत गेली. एकेक सुटा मणी, मग तेही थांबले. एक शेतकरी बघत उभा होता. तो म्हणाला, “आमच्या पाइपलाइनीवानीच हाय की ह्ये. उंचवट्याला हवा धरती, यर व्हॉल्व्ह उगडला की फुस्स.” मी मान हलवली. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर ज्यानं पाइपलाइन टाकली त्याला हवा धरणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कमी फक्त मीच पडलो, उघड्या पाटाचा माणूस. पाटात हवा वरच असते, ती कुणाच्या आड येत नाही.

“आता?” मिस्त्रीनं खालून विचारलं.

“कडक लागतंय,” ही म्हणाली. सिलेंडर बसल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात समाधान होतं. “आता कुठं खाली कुणीतरी असल्यासारखं वाटतंय.”

पैसे त्यानं सिलेंडरचे आणि तेलाचे घेतले. मजुरी सांगताना जरा थांबला. “तुमी खात्यातली मानसं,” म्हणाला, “पुढच्या पाळीला वर कुनाला फोन लावनार असाल तर निम्मी धरतो.” मी पूर्ण दिली. सहा वर्षांपूर्वीचा माणूस फोन लावून पाणी देऊ शकत असता तर तो आज साखरपुड्याला उशिरा पोचला नसता.

पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. निमगाव केतकीच्या पानांचे विडे वाटणं चाललं होतं. हिच्या पैठणीच्या काठाला तेलाचा डाग होता. उशीर का झाला ते मी सांगायला तोंड उघडलं, तर हीच बायकांच्या घोळक्यात सुरू झाली होती: “निप्पल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही. नाहीतर हवा परत आत.” भाच्याची होणारी सासू गंभीरपणे ऐकत होती.

निघताना मिस्त्रीनं एक सांगितलं होतं: आठ दिवस गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी थेंब पडलाय का बघा. मी मनावर घेतलं. रोज सकाळी उकिडवा बसून पुठ्ठा पाहतो आणि जुन्या सवयीनं एका वहीत तारीख टाकून लिहितो, ‘गळती – निरंक’. आठाचे चाळीस दिवस झाले. क्लच आता घट्ट आहे, गुडघ्यातून कळ येते. त्यातली निम्मी क्लचची आणि निम्मी रोज वाकून बसल्याची, असा माझा अंदाज आहे. परवा वही उघडली तर माझ्या ‘गळती – निरंक’खाली हिच्या अक्षरात आणखी एक नोंद होती: ‘चहा – गार.’